वैरागडे मात्रा

डॉ. कुमुद वैरागडेचं नाव एका औषधाच्या मात्रेला दिलेलं होतं, आणि या गोष्टीचा तिला भारी अभिमान होता. लपवायची ती, पण लपायचा नाही. कुठल्या तरी प्राणिसंग्रहालयातून फोन यायचा, "मॅडम, काल तीन लांडग्यांना वैरागडे दिली, मजेत उठले," की बाई दिवसभर खुशीत. रस्त्याला, चौकाला नाव मिळतं ते माणूस मेल्यावर. हिला पंचेचाळिशीतच मिळालं होतं. मग नाक जरा वर झालं तर नवल काय?

ही मात्रा म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. लांडगा, कोल्हा, रानकुत्रा ही मंडळी बेशुद्ध करायची म्हणजे डॉक्टरचा जीव टांगणीला. वाघाला भुलीची सुई मारली की तो जरा गुरगुरतो आणि आडवा होतो. रानकुत्र्याचं तसं नाही. सुई लागली की तो धावत सुटतो, जितका धावतो तितकं अंग तापतं, आणि चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात ते तापलेलं अंग उतरवता उतरवता तो हातचा जातो. औषध वाढवावं तर श्वास थांबतो. कमी द्यावं तर पोट उघडं असताना टेबलावरून उठतो. बरं, दोन दिवस दवाखान्यात ठेवून घ्यावं म्हटलं तर तीही सोय नाही. रानकुत्री कळपाने राहतात, आणि औषधाचा वास घेऊन दोन दिवसांनी परत आलेल्याला कळप परका समजतो. फाडतातसुद्धा. म्हणजे सकाळी झोपवायचं, काम उरकायचं आणि दुपारच्या आत शुद्धीवर आणून आपल्या माणसांत, चुकलो, आपल्या कुत्र्यांत सोडायचं.

देवझरीच्या वन्यप्राणी संगोपन केंद्रात कुमुदने २०२८ साली हे कोडं सोडवलं. दोन औषधं, दोन्ही निम्म्याने कमी, ठरावीक प्रमाणात. चार मिनिटांत जनावर निपचित पडायचं, श्वास संथ चालायचा, उताऱ्याची सुई दिली की दहा मिनिटांत उभं. मात्रेबरोबर तिने दोन नियमही घालून दिले. पहिला जुनाच होता: डॉक्टरने जनावरासमोर तोंडातून ब्र काढायचा नाही. जनावर डॉक्टरचा आवाज ओळखतं आणि एकदा ओळखला की जन्मभर डूख धरतं. म्हणून कुमुद ऑपरेशनच्या खोलीत एक पाटी ठेवायची आणि काय सांगायचं ते खडूने लिहायची. दुसरा नियम तिचा स्वतःचा. जनावराचा सगळ्यात लाडका कीपर असेल त्याने हाक मारून त्याला जाळीपाशी बोलवायचं, आणि ते आडवं झालं की डोक्याशी बसून, ते उठेपर्यंत हळूहळू बोलत राहायचं. ओळखीचा आवाज कानावर पडला की ठोके स्थिर राहतात, असा तिचा अनुभव होता. अकरा वर्षं झाली, चाळीस प्राणिसंग्रहालयांत मात्रा गेली, आणि तिने दगावलेलं एकही जनावर नाही. पण खरं कौतुक व्हायचं ते दुसऱ्या नियमाचं. किती माया आहे हो यात, असं लोक म्हणायचे, आणि कुमुदला ते पटायचं.

२०३९च्या मार्चमध्ये डॉ. नसीमा इनामदार पुण्याहून आपलं यंत्र घेऊन आली. मेंदूची अभ्यासक, चाळिशीची, बोलायला फटकळ. गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणाली, "कुमुदताई, तुमच्याकडे ऊन फुकट वाटतात वाटतं!" आणि दुसऱ्या वाक्यात जेवायला काय आहे ते विचारलं. कुमुदला ती तिथेच आवडली.

जेवताना नसीमाने यंत्र समजावून सांगितलं. "भूल म्हणजे आपण एक गोष्ट समजतो, पण त्या तीन आहेत. हलणं थांबतं, दुखणं थांबतं, आणि आपण आहोत हे कळणं थांबतं. पहिली डोळ्यांना दिसते. उरलेल्या दोन आपण धरून चालतो. माणूस उठल्यावर निदान सांगतो, की डॉक्टर, मला सगळं कळत होतं. जनावर कुणाला सांगणार?"

यंत्र मेंदूला टिचकी मारायचं. कवटीवर ठेवलेल्या चकतीतून चुंबकाचा एक बारीकसा झटका आत जायचा, आणि डोक्याला लावलेल्या चोवीस तारा त्याचे पडसाद टिपायच्या. जागा मेंदू म्हणजे गजबजलेलं गाव. एका घरात काही झालं की बातमी वेशीपर्यंत जाते, वाटेत बदलते, उलटून परतही येते. खऱ्या बेशुद्धीत मेंदूचे भाग आपापली दारं लावून घेतात आणि टिचकी वाजली तिथेच विरते. बातमी किती दूर गेली, किती वळणं घेत गेली, यावरून यंत्र शून्य ते शंभरमधला एक आकडा काढायचं. तिसाच्या खाली असला तर आत कुणी नाही. वर असला तर आत कुणीतरी आहे. माणसांवर हे तपासून झालं होतं, पाळीव कुत्र्यांवरही झालं होतं. रानकुत्र्यांवर मात्र कुणी लावून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिपूची पाळी होती. टिपू म्हणजे कळपातला तीन वर्षांचा नर. वर्षाची तपासणी, रक्त घ्यायचं, दात बघायचे, एवढंच. त्याची कीपर प्रमिला नैताम हिने हाक मारली, तो शेपूट हलवत जाळीपाशी आला, सुई लागली आणि चार मिनिटांत आडवा. प्रमिला डोक्याशी बसून पुटपुटू लागली. नसीमाने चकती लावली, कळ दाबली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

एकसष्ट.

तिने चकती बदलली. त्रेसष्ट. तारा बदलल्या. साठ. कुमुदने पाटीवर लिहिलं, 'पुण्याचा माल?' नसीमा हसली नाही. ती म्हणाली, "प्रमिलाताई, जरा गप्प बसा बरं."

आकडा पंचावन्नवर आला.

"आता बोला."

"टिपू, माह्या बाळा, झालंच आता," प्रमिला म्हणाली, आणि आकडा बहात्तरवर गेला.

टिपू तसाच पडला होता, जीभ बाहेर, पापणीला बोट लावलं तरी हलत नव्हती. कुमुदने हातानेच खूण केली, आवरा. उताऱ्याची सुई देताना तिचं लक्ष प्रमिलाच्या मनगटाकडे गेलं. दातांचे चार खोल व्रण होते. बाहेर आल्यावर तिने विचारलं, "हे कधीचं?"

"मागच्या सालचं जी. टिपूचा सडका दात काढला ना, त्याच्या पंधरा दिवसांनी त्यानंच धरलं. माहीच चूक, हात आत घातला मी."

पुढच्या आठवड्यात त्यांनी आणखी पाच जनावरं तपासली. दोन लांडगे, एक कोल्हा, दोन रानकुत्री. सगळ्यांचे आकडे पन्नासाच्या वर. नखाशी चिमटा घेतला की टिचकीचे पडसाद बदलायचे, म्हणजे दुखतही होतं. यंत्र ठणठणीत होतं. वैरागडे मात्रेने जनावर फक्त हलायचं थांबत होतं. आत ते जागं होतं, दुखणं सोसत होतं, आणि ऐकत होतं. काय ऐकत होतं? तर ज्याच्यावर सगळ्यात जास्त भरवसा, त्याचा आवाज.

कुमुदने दोन दिवस फोन धरून बसून जुन्या ओळखीच्या डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला. मोठ्या ऑपरेशननंतर महिन्याभरात कीपरला चावा घेतल्याची नोंद आहे का? चाळीसपैकी एकतीस ठिकाणी होती. ज्याला चावा घेतला तो कीपर दर वेळी लाडकाच. आणि कारण दर ठिकाणी एकच लिहिलेलं: कीपरचा निष्काळजीपणा. फोन खाली ठेवला तेव्हा तिला लाज वाटली. साधी, सरळ, शाळेत कॉपी करताना पकडल्यावर वाटते तशी लाज. कारण त्यातली एक नोंद तिच्या स्वतःच्या अक्षरात होती.

झिंगाजी कुळमेथे. रानकुत्र्यांचा जुना कीपर. गेरू नावाची मादी त्याने तीन आठवड्यांची असल्यापासून बाटलीने दूध पाजून वाढवली होती. अंग तांबडंलाल, म्हणून नावही त्यानेच ठेवलेलं. चौथ्या वर्षी ती कळपाची म्होरकी झाली, आणि त्याच पावसाळ्यात खडकावरून पडून तिचा पुढचा पाय मोडला. हाडाला धातूची पट्टी बसवायची होती. झिंगाजीने हाक मारली, ती लंगडत लंगडत त्याच्याकडे आली.

पहिली चीर दिली तेव्हा झिंगाजी बोलता बोलता थांबला. "मॅडम, ही जागी हाय. माह्या बोलण्याकडे कान करून राह्यली."

कुमुदने वर पाहिलं होतं. कान तिलाही दिसला होता. आणि त्याच्या मागे पडद्यावर ठोके दिसले होते, नव्वदवरून एकशे अडुसष्ट. दीड मिनिट ते तिथेच होते. यात काही शंका नव्हती, तिचे डोळे तेव्हा उत्तम होते. पण पुढच्या आठवड्यात देशभरातल्या डॉक्टरांसमोर तिला मात्रेवरचा निबंध वाचायचा होता. तिने स्वतःला सांगितलं, ही आपोआप होणारी हालचाल आहे. आणि पाटीवर लिहिलं, 'बोलत राहा.'

तो बोलत राहिला. आज्ञाधारक माणूस. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो गेरूच्या कानात बोलत होता. चाळीस मिनिटांनी त्याला सहन झालं नाही, त्याने जखमेवर हाताचा पंजा ठेवला आणि म्हणाला, "नाही जी. बस करा. तिले समजून राह्यलं सगळं." कुमुदने दाराकडे बोट दाखवलं. दोन पहारेकऱ्यांनी त्याला बाहेर नेलं. केसपेपरवर तिने लिहिलं, ठोके सामान्य. दुसऱ्या कागदावर लिहिलं, शस्त्रक्रियेत अडथळा. तीन आठवड्यांनी गेरूने झिंगाजीच्या उजव्या हाताची दोन बोटं तोडली, तेव्हा तिसरा कागद झाला. निष्काळजीपणा. त्याची बदली हरणांकडे झाली, आणि नऊ वर्षं तो हरणांना चारा घालत होता.

नसीमाला तिने कान आणि ठोके वगळून बाकी सगळं सांगितलं. मग अर्ध्या तासाने परत जाऊन तेही सांगितलं.

नसीमाने चहाचा कप बाजूला ठेवला. "कुमुदताई, मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून खोटं बोलत नाही. पण शास्त्रात हे होतं. आपण दोघी नवी पद्धत लिहू. सुधारित मात्रा. वर थोडा भुलीचा गॅस, आकडा विसाच्या आत, कानात बोळे, आणि कुणी बोलायचं नाही. जुनीत काय झालं ते उकरायलाच हवं असं नाही. त्या दिवशीचे ठोके कुणाला माहीत आहेत?"

"मला," कुमुद म्हणाली. पण पुढे वाद घातला नाही. सुधारित मात्रा. शब्द किती सोईचा होता! त्या रात्रीचं जेवण तिला चक्क गोड लागलं, आणि त्याचा सकाळी तिला राग आला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गेरू आजारी पडली. तेरा वर्षांची, म्हणजे रानकुत्र्यांत आजीबाई. अन्न सोडलं, पाणी मात्र सारखं प्यायची. गर्भाशयात पू झाला होता. पिशवी काढली नाही तर चार दिवसांत विष अंगभर होऊन मेली असती. काढायला जावं तर म्हाताऱ्या काळजाला खोल भूल झेपेल का याची खात्री नाही. जुन्या मात्रेने ती नक्की जगली असती. जागी राहून.

बातमी हरणांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. दुपारी झिंगाजी ऑफिसच्या दारात उभा राहिला. केस पांढरे झाले होते, चपला बाहेर काढल्या होत्या, उजवा हात सवयीने पाठीमागे.

"मॅडम, गेरूले बरं नाही म्हणते."

"हो. उद्या सकाळी ऑपरेशन."

"मग मी बसतो जी तिच्यापाशी. म्हातारी झाली आता, राग गेला असन तिचा. माह्या आवाजानं तिले बरं वाटन. जगते का मरते कोणाले माहीत. शेवटचं म्हणून बसू द्या."

कुमुदने समोरचे कागद सारखे केले. "झिंगाजी, नियम बदललेत. आता कीपरने बसायचं नाही."

"बरं," तो म्हणाला.

एवढंच. वाद नाही, का म्हणून विचारणं नाही. तो वळला, चपला पायात घातल्या, व्हरांड्याच्या पायऱ्या उतरला. झालं होतं काम! खोटं एक अक्षर न बोलता ती सुटली होती. नियम खरंच बदलले होते. कुमुद खुर्चीत बसून त्याची पाठ बघत होती आणि तिला कळत होतं, की हा माणूस आत्ता फाटकातून गेला की आपण हे मरेपर्यंत कुणाला सांगणार नाही. ती उठली आणि उन्हात बाहेर पळाली. छपन्न वर्षांची बाई, पदर सावरायचं भान नाही.

"झिंगाजी, थांबा!"

तो फाटकाशी थांबला. कडुनिंबाखाली एक सिमेंटचं बाक होतं. ती त्यावर बसली, त्यालाही बसायला सांगितलं, पण तो उभाच राहिला. मग तीही उठून उभी राहिली.

"तुमचा आवाज ऐकला तर ती घाबरेल," ती म्हणाली. "तिला तुमचा राग आलेला नाही. तिला वाटतं तुमचा आवाज आला की दुखतं. कारण पायाच्या ऑपरेशनच्या वेळी ती जागी होती. तुम्ही सांगत होता ते खरं होतं."

झिंगाजी तिच्याकडे बघत राहिला. "आता समजलं का तुमाले? त्या नव्या मशिनीनं?"

इथे हो म्हणायचं होतं. इतकं सोपं होतं ते.

"नाही," कुमुद म्हणाली. "तेव्हाच समजलं होतं. कान मीही पाहिला होता. ठोकेही पाहिले होते. मी कागदावर खोटं लिहिलं. आणि तुम्हाला बोलत राहा म्हणून सांगितलं. चाळीस मिनिटं."

फाटकापलीकडे हरणं सावलीला दाटीवाटीने उभी होती. मग त्याने उजवा हात समोर आणला आणि त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू आज पहिल्यांदाच बघतोय.

"बोटांचं काही नाही जी," तो म्हणाला. "चालते त्याच्याबिगर. पण नऊ वर्षं झाली, मी रोज इचार करतो, का मी काय केलं तिले? कधी मारलं का? कधी उपाशी ठेवलं का? बायकोले इचारलं, देवाले इचारलं. पोरीसारखी वाढवली आणि पोरगी काहून उलटली माह्यावर?" त्याचा आवाज चढला. "तुमाले माहीत होतं! हरणाच्या पिंजऱ्यापुढून रोज गाडी घेऊन जायच्या तुमी. काच खाली करून नमस्कार घ्यायच्या माहा. एका शब्दानं सांगतलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"माझं नाव बिघडलं असतं," कुमुद म्हणाली. दुसरं खरं उत्तर तिच्यापाशी नव्हतं.

"माफ कर म्हणू नका मले."

"नाही म्हणत."

तो बाकावर बसला. त्याने विचारलं, "मंग मी तिले पाहू कसा?"

कुमुदने विचार केला. उत्तर होतं, आणि ते सांगताना तिला स्वतःचाच तिरस्कार वाटला. "ती पूर्ण बेशुद्ध झाली, आकडा विसाच्या खाली गेला, की तुम्ही आत या. हात लावा, जवळ बसा. तिला कळणार नाही. आकडा चढायला लागला की मात्र..."

"जावं लागन."

"हो."

त्या संध्याकाळी कुमुदने चाळीस प्राणिसंग्रहालयांना पत्र पाठवलं. सुधारित हा शब्द त्यात कुठे नव्हता. वैरागडे मात्रा आजपासून वापरू नका, इथून सुरुवात होती. पुढे गेरूचे त्या दिवशीचे ठोके होते, झिंगाजी कुळमेथे यांनी दिलेल्या सूचनेचा उल्लेख होता, आणि चावे घेतल्याच्या सगळ्या नोंदींतून कीपरचा दोष काढून टाकावा अशी मागणी होती. नसीमाने वाचलं आणि म्हणाली, "दोन दिवसांत तुमचा फोन बंद करावा लागेल हो." आणि मग खाली आपलीही सही केली.

सकाळी सहाला काम सुरू केलं, ऊन चढायच्या आत. गेरूला कुणी हाक मारली नाही. ती कोपऱ्यात पडली होती, धावायचं त्राणच नव्हतं. सुई लागली तेव्हा फक्त मान वर करून पाहिलं. नळी बसवली, कानात बोळे घातले, गॅस सुरू झाला. चौसष्ट. बावन्न. एक्केचाळीस. चौतीसवर आकडा अडला, आणि रक्तदाब उतरायला लागला. कुमुद हातात सुरी घेऊन उभी होती. जनावर हलत नव्हतं, पापणी मिटत नव्हती. अकरा वर्षं ती याच क्षणी चीर देत आली होती. ती थांबली. नसीमाने गॅस केसभर वाढवला. एकोणतीस. बावीस. अठरा.

कुमुदने काचेपलीकडे थांबलेल्या झिंगाजीकडे पाहून मान हलवली. तो अनवाणी आत आला, स्टुलावर बसला, आणि तीन बोटांचा हात त्याने गेरूच्या कपाळावर ठेवला. नऊ वर्षांनी. कुमुदने मान खाली घातली आणि कामाला लागली.

मधे एकदा काळजाने दगा द्यायचं ठरवलं. ठोके चाळीसपर्यंत खाली आले. गॅस कमी करावा तर आकडा चढणार, करू नये तर गेरू जाणार. नसीमाने प्रश्नार्थक पाहिलं. कुमुदने थोडाच कमी करायला लावला आणि आकड्यावर नजर ठेवून हात चालवले. सव्वीस. सत्तावीस. त्याच्या वर जाऊ दिला नाही. पिशवी निघाली, टाके पडले, ठोके हळूहळू साठवर आले, तसा गॅस पुन्हा वाढवला. बावन्न मिनिटं लागली. गेरू जगणार होती.

गॅस बंद केला, चकती आणि तारा तशाच ठेवून तिला उचललं, आणि पिंजऱ्यात ठेवताना डोकं झिंगाजीनेच धरलं. मग जाळीच्या दारातून वाकून त्याने विचारलं, अगदी हळू, "मॅडम, आता आयकत नाही ना?"

कुमुदने यंत्राकडे पाहिलं. एकोणीस. "नाही."

तो आणखी वाकला आणि गेरूच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "मी नव्हतो, माय. मी नव्हतो."

दोनदाच म्हणाला. कुमुदने ऐकलं. जिने ऐकायला हवं होतं तिच्यापर्यंत ते पोचणार नव्हतं, आणि पोचू नये यासाठी तिथे एक यंत्र लावलेलं होतं. रडायचा हक्क इथे तिचा नव्हता. आकडा तेवीस झाला. मग सव्वीस.

"झिंगाजी, निघा आता."

तो लगेच उठला. मागे वळून पाहिलं नाही, पावलांचा आवाज होऊ दिला नाही, आणि दार ओढून घेतलं. पिंजऱ्याचं दार लावून कुमुद जाळीपाशी खाली बसली. एकतीस. गेरूच्या कानातले बोळे तिने लांब चिमट्याने, एकेक करून काढले. नसीमाने पाटी पुढे केली. कुमुदने ती घेतली नाही, तोंडावरचा मास्क काढला.

"गेरू," ती म्हणाली. इतक्या वर्षांत त्या खोलीत कुठल्याही जनावराने तिचा आवाज ऐकला नव्हता, आणि तो घोगरा निघाला. "मी कुमुद. तुझा पाय मी कापला होता. तो झिंगाजी नव्हता. आज पोटही मीच कापलंय. दुखेल तुला, ते माझ्यामुळे."

"ताई, तिला शब्द थोडेच कळणार," नसीमा कुजबुजली.

"आवाज कळेल."

अडतीस. सत्तेचाळीस. टाके आता ठणकायला लागले असणार. कुमुद तेच तेच बोलत होती, तिचं नाव, पाय, पोट, आपलं नाव. त्रेपन्नवर गेरूने डोळे उघडले. समोर बसलेल्या बाईकडे तिने नीट, वेळ घेऊन पाहिलं, आणि ओठ वर करून दात दाखवले.